रणनवरे सरांची हजेरी

दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडून नावं ऐकू यायची. "विजय उजागरे, मूळ गाव श्रीरामपूर, आता ब्लॅकटाउन." मग लॅपटॉपमधून खरखरीत उत्तर, "हजर, सर." "मनीषा कदम, मूळ गाव संगमनेर, आता क्रेगीबर्न." "हजर." मध्येच कुणाचा तरी माइक बंद असायचा. सर म्हणायचे, "दिसतंय, ओठ हलताना दिसतायत. पण ऐकू येऊ दे. हजेरी ही ऐकायची गोष्ट आहे." त्या दिवशी जो आला नसेल त्याच्या नावाला बाकीचे सगळे मिळून म्हणत, "आठवणीत." जे वारले होते त्यांच्या नावालाही तेच, "आठवणीत." मेलेले आणि अंथरुणात लोळत पडलेले यांच्यात सर भेद करत नसत.

समोर कागद नसायचा. नावं, गावं, सगळं तोंडपाठ. त्या हिवाळ्याच्या शेवटी मलाही पाठ झालं होतं. मी त्या रविवारच्या प्रार्थनेच्या मंडळीतली नव्हते, ख्रिस्ती तर नव्हतेच. पुण्याच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत नाताळची गाणी म्हटली होती, तेवढाच माझा संबंध. मी फक्त सरांची भाडेकरू होते. रविवारी उशिरापर्यंत झोपावं म्हणून पहिल्यांदा मी कानांवर उशी घेतली होती. मेलबर्नचं लॉकडाउन लांबत गेलं तशी ती उशी बाजूला गेली.

प्रभाकर रणनवरे नगरजवळच्या एका लहानशा सेमिनरीत पाद्री होणाऱ्यांना शिकवायचे. विषय एकच, पहिली काही शतकं. येशूनंतर त्याच्या माणसांचं काय झालं, कोण कुठे गेलं, कुणी काय सोसलं, कोण कुणाशी भांडलं. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांच्या मिसेस मेलबर्नच्या क्रेगीबर्न भागात मुलाकडे आले. मिसेस महामारीच्या आधीच वारल्या. मुलाची बदली पर्थला झाली, आणि पर्थच्या राज्याने आपली सीमा अशी बंद केली की मुलाला येता येईना आणि सरांना जाता येईना. त्याच्या थोडं आधी, घरात कुणीतरी असावं म्हणून मुलाने एक खोली भाड्याने द्यायची ठरवली होती, आणि मी सुटकेस घेऊन दारात उभी राहिले होते.

सरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या.

"दार आपटतेस का?"

"नाही."

"प्रश्न विचारतेस का?"

मी म्हटलं, "फारसे नाही."

"मग जमेल आपलं. तीस वर्षं मला प्रश्न विचारणारेच भेटले. आता विश्रांती हवी."

हे खोटं होतं. प्रश्न कुणी विचारला नाही की ते स्वतःच विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे. सकाळी मी चहा करायला गेले की ते ओट्याला टेकून उभे असत, निळा हाफ स्वेटर, कान झाकणारी टोपी. "स्तेफन, आपला पहिला हुतात्मा, त्याला दगडांनी मारलं, तेव्हा मारणाऱ्यांनी आपले अंगरखे काढून ठेवले होते. कुणाजवळ ठेवले?" मी आधण ठेवायचे. "शौलाजवळ! जो पुढे पौल झाला. कपडे सांभाळत उभा होता तो. एक दगड मारला नाही हो त्याने. नुसते कपडे सांभाळले." मग साखरेचा डबा माझ्याकडे सरकवत, "विचार कर यावर." आणि मी ऑफिसच्या मीटिंगला बसायचे, कॅमेरा बंद करून, इन्शुरन्सच्या क्लेमचे आकडे बघत, आणि डोक्यात ते कपडे.

ती सगळी माणसं त्यांच्या बोलण्यात नात्यातल्यासारखी यायची. बर्णबा मोठ्या मनाचा थोरला भाऊ. पौल हुशार, पण एका घरात कुणाशी पटवून घेणार नाही असा. पेत्र बोलून मोकळा होणारा आणि मग पस्तावणारा. कार्थेज शहरातली पर्पेतुआ, तान्हं मूल असलेली तरुण मुलगी, श्रद्धा सोडायला तयार झाली नाही म्हणून तुरुंगात गेली आणि मारली गेली. तिच्याबद्दल बोलताना ते नेहमी एकाच ठिकाणी अडकायचे. "सगळे तिचंच कौतुक करतात. मला तिच्या बापाचं वाईट वाटतं. पांढऱ्या केसांचा म्हातारा, परत परत तुरुंगात जातो, विनवण्या करतो. त्याला तिचं काहीच कळत नाही. त्याला पोरगी घरी हवी असते, बस." मग मोबाइलकडे एकदा बघून ते आपल्या खोलीत जायचे. मुलगा आठवड्यातून एकदा फोन करायचा. बोलणं इंग्लिशमध्ये. "ऑल गुड, डॅड?" "ऑल गुड." तेवढ्यात संपायचं.

त्या दिवसांत घराबाहेर फिरायला तासभरच परवानगी होती, तीही पाच किलोमीटरच्या हद्दीत. सर तो तास एक मिनिटही वाया घालवत नसत. परत आले की बूट काढता काढता सांगायचे, "आज अंत्युखियापर्यंत जाऊन आलो." पहिल्यांदा मला वाटलं, वयोमानाने होत असेल. मग कळलं की धर्मप्रचाराला फिरलेल्या पौलाच्या सगळ्या प्रवासाचा नकाशा त्यांनी आमच्या सबर्बवर पसरला होता. ट्रॅम्पोलिनवालं घर अंत्युखिया. राउंडअबाउट म्हणजे दिमिष्क, कारण दिमिष्कच्या वाटेवर पौलाचे दिपले तसे तिथे एकदा उन्हाने डोळे दिपून ते खांबाला धडकले होते. पेट्रोल पंप म्हणजे माल्टा बेट, कारण जहाज फुटल्यावर पौलाने घेतला तसा पावसात भिजून त्यांनी तिथे आसरा घेतला होता. नाल्याकाठच्या पायवाटेवर जांभळ्या लेगिंग्ज घालून पळणारी एक बाई होती. फिलिप्पै शहराबाहेर नदीकाठी पौलाला जांभळं कापड विकणारी लुदिया भेटली होती, म्हणून ही बाई लुदिया.

"लुदिया आज नव्हती," ते काळजीने म्हणायचे.

"तिचं खरं नाव काय, सर?"

"मी कसं विचारणार? मास्क लावलेला म्हातारा माणूस, बाईला नाव विचारतो. पोलिसांना बोलवेल ती."

त्या नकाशात एकच जागा अशी होती जिथे जाता यायचं नाही. रोम. रोम म्हणजे बस्त्यावकाकांचं घर. ते शेजारच्या सबर्बात होतं, हद्दीच्या जरासं पलीकडे. बस्त्यावकाका वसईचे कॅथलिक, सरांची मंडळी प्रोटेस्टंट. पण मराठी प्रार्थना या भागात दुसरीकडे कुठेच होत नव्हती, म्हणून ते आणि कार्मेलीनकाकू सरांच्या मंडळीत यायचे. लॉकडाउनच्या आधी एका शाळेचा हॉल रविवारी भाड्याने घेऊन ही मंडळी जमायची. सर त्यांना पोप म्हणायचे, ते सरांना शास्त्री. रोज दुपारी दोघे फोनवर भांडायचे. स्पीकर चालू असायचा, कारण सरांना फोन कानाला लावायचा कंटाळा.

"शास्त्री, जेवलास का?"

"भाकरी आणि ठेचा."

"मासे नाहीत, काही नाहीत. असलं खाऊन मेलास तर वर तुला ओळखणारपण नाही कोणी."

"पेत्र ओळखेल. तुमचा पहिला पोप ना तो, स्वर्गाच्या दारावर उभा? तुझं नाव सांगेन."

"माझं नाव सांगितलंस तर दोघांनापण बाहेर काढेल तो."

असं बरंच चालायचं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असायचे आणि हसू आलं की नळ मोठा करायचे.

ऑगस्टमध्ये बस्त्यावकाकांचा वाढदिवस आला. मंडळीतली ज्योत्स्ना गायकवाड त्यांच्यासाठी केक घेऊन गेली. ज्योत्स्ना एका वृद्धाश्रमात काम करायची, राहुरीची, एकटी, माझ्यापेक्षा थोडी मोठी. काका तिला लेक म्हणायचे. तिचा घसा दुखत होता, टेस्ट दिलेली होती, रिपोर्ट येईपर्यंत घरात थांबायचं होतं. ती थांबली नाही. केक दारात ठेवून निघाली असती तर वेगळं होतं. काकूंनी आत बोलावलं, आणि ती आत गेली, चहा प्यायली. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. आरोग्य खात्याचा फोन आला, कुठे कुठे गेला होतात. ती म्हणाली, कुठेच नाही. तिला नोकरीची भीती वाटली, व्हिसाची भीती वाटली. काका-काकूंना कुणी कळवलं नाही, त्यांनी टेस्ट केली नाही, आणि काकांचा ताप म्हणजे थंडीचा ताप असं समजून दोघे घरात बसून राहिले.

त्या तापातच एका दुपारी काकांचा फोन आला होता. आवाज बसलेला.

"शास्त्री, येतोस का रे? आत नको येऊ. अंगणात खुर्ची टाकते कार्मेलीन. खिडकी उघडी ठेवतो. काहीतरी वाचून दाखव."

सर म्हणाले, "पाच किलोमीटर, पोप. तू हद्दीबाहेर आहेस. नियम नियम असतो."

"हो रे, तेपण आहे."

"फोनवर वाचतो ना. काय वाचू?"

"नको. फोनवर नको." मग काका खोकले. "बरा झालो की बघू."

आजारी माणसाची काळजी घ्यायला हद्दीबाहेर जाता येतं, हे सरकारच्या रोजच्या पत्रकार परिषदेत सांगत होते. सर ती परिषद रोज बघायचे. हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नव्हते.

काका हॉस्पिटलात गेले आणि परत आले नाहीत. अंत्यविधी आम्ही लॅपटॉपवर बघितला. त्या दिवशी सरांनी मला पहिल्यांदाच खोलीत बोलावलं, कारण कॅमेरा हलत होता आणि त्यांना आवाज नीट लावता येईना. वरती कोट-टाय, खाली पायजमा. शवपेटी लांबून दिसत होती. कार्मेलीनकाकू स्वतःही आजारी होत्या, त्या घरून बघत होत्या, त्यांच्या चौकोनात फक्त एक भिंत आणि कपाळाचा तुकडा दिसत होता. संपल्यावर सर म्हणाले, "बंद कर," आणि मग, "थँक यू, ईशा." ते मला कधी थँक यू म्हणत नसत.

त्यानंतरच्या रविवारी ज्योत्स्नाने सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. प्रार्थना चालू असताना मध्येच तिचा माइक सुरू झाला आणि ती एका दमात सगळं बोलली, केक, चहा, फोन, खोटं. मी भिंतीच्या या बाजूला उठून बसले. मग सरांनी प्रार्थना पुढे सुरू केली, जिथे थांबली होती तिथून.

पुढच्या रविवारी हजेरीत बस्त्यावकाकांचं नाव आलं. "आठवणीत," सगळे म्हणाले, एकेकाचा आवाज मागेपुढे होत. ज्योत्स्नाचं नाव आलंच नाही. मनीषा कदमनंतर ते यायचं. मनीषा कदम झालं आणि सर थेट पुढच्या नावावर गेले. जिन्यात एक पायरी नसावी तसं मला झालं. मी थांबले, वाटलं विसरले असतील, शेवटी घेतील. घेतलं नाही. ती हजर नव्हती आणि आठवणीतही नव्हती.

पण ती दर रविवारी यायची. कॅमेरा बंद, काळा चौकोन, त्यावर नाव. सरांना चहा नेऊन देताना मला तो स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. हजेरी संपली की तो चौकोन निघून जायचा. ती फक्त हजेरीपुरती येत होती.

एकदा दुपारी दारावरची बेल वाजली. मी दार उघडलं तर जाळीच्या दारापलीकडे मास्क लावलेली एक बाई, हातात डबा. ही ज्योत्स्ना, हे मला आवाजावरून कळलं.

"सर आहेत?"

सर मागे येऊन उभे राहिले. जाळीचं दार त्यांनी उघडलं नाही. मी बाजूला झाले, पण निघून जाता येईना, कॉरिडॉर अरुंद होता.

"सर, माझं नाव वाचा ना."

सर तिच्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

"मला ओरडा. सगळ्यांसमोर ओरडा. मी ऐकून घेईन. पण नाव वाचा."

सरांनी घसा साफ केला, आणि शिकवायला लागले. खरंच, शिकवायलाच लागले. "हे बघ ज्योत्स्ना. तिसऱ्या शतकात रोमच्या बादशहाने हुकूम काढला, प्रत्येकाने देवतांपुढे धूप जाळायचा. पुष्कळ ख्रिस्ती माणसांनी जीव वाचवायला तो जाळला. संकट टळल्यावर ती माणसं परत आली, म्हणाली, आम्हाला आत घ्या. तेव्हा कार्थेजमध्ये सिप्रियन होता, तिथला बिशप. त्याने काय म्हटलं? लगेच नाही. आधी पश्चात्ताप, मग वाट बघणं. त्यांना वर्षं लागली. असं उठून लगेच होत नाही."

"मला कार्थेज माहीत नाही, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "मला क्रेगीबर्न माहीत आहे. माझं इथे दुसरं कुणी नाही."

"मला वेळ लागेल."

"किती?"

सर आत निघून गेले. त्यांच्या खोलीचं दार आपटलं. इतक्या महिन्यांत त्या घरात दार आपटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ज्योत्स्नाने डबा पायरीवर ठेवला, दोन पावलं मागे झाली, नियमाप्रमाणे, आणि मला म्हणाली, "गोड बोंडं आहेत. तू तरी खा." सरांनी त्यांना हात लावला नाही. मी खाल्ली, माझ्या खोलीत बसून. चांगली झाली होती.

त्या दिवसांत सर फिरायला जायचे, पण कुठे जाऊन आले ते सांगेनासे झाले. मी एकदा विचारलं, "आज कुठपर्यंत?" तर म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत." दुपारचा फोन वाजायचा बंद झाला होता. त्या वेळेला ते टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत.

त्यांना बोलतं करावं म्हणून मी एकदा प्रश्न विचारला. दुसरा काही हेतू नव्हता. ते भाकरी थापत होते. इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणून दर वेळी ते तिला कडेकडेने फडक्याने दाबत बसायचे. मी म्हटलं, "सर, तो हुकूम निघाला तेव्हा सिप्रियन स्वतः कुठे होता?"

"लपला होता. शहर सोडून गेला होता." सवयीने त्यांनी विनोद केला, वर्गात नेहमी करत असणार. "तिथून पत्रं लिहून कारभार बघायचा. वर्क फ्रॉम होम."

"मग त्याला कुणी काही म्हटलं नाही?"

"म्हटलं ना. खूप म्हटलं."

"म्हणजे जे घाबरून वाकले त्यांनी थांबायचं, आणि जो घाबरून गेला तो ठरवणार, किती थांबायचं ते?"

मला खरंच कळलं नव्हतं म्हणून विचारलं. सरांचा हात फडक्यावर तसाच राहिला. "त्यात फरक आहे," ते म्हणाले. "त्याने धूप जाळला नव्हता. जाणं आणि नाकारणं यात..." भाकरी करपल्याचा वास यायला लागला. स्मोक अलार्म वाजला आणि मी टॉवेल घेऊन त्याला वारा घालायला धावले. अलार्म थांबल्यावर बघितलं तर सर खुर्चीत बसले होते, पिठाचे हात मांडीवर.

"पुढे कार्थेजमध्ये साथ आली," ते म्हणाले, शिकवायच्या आवाजात नाही. "प्लेगसारखीच काहीतरी. लोक आपल्या आजारी माणसांना रस्त्यावर टाकून पळायला लागले. सिप्रियनने मंडळीला सांगितलं, पळायचं नाही, आजाऱ्यांकडे जायचं. आपल्यातल्या आणि परक्यांच्याही. आणि गेले ते. हे मी दर वर्षी शिकवलं. परीक्षेत हमखास यायचा हा प्रश्न." मग पिठाच्या हातांकडे बघत, "खिडकी उघडी ठेवतो म्हणाला होता."

मी काही बोलले नाही. या वेळी बोलायला हवं होतं की नाही, अजूनही मला सांगता येणार नाही. मी दुसरं पीठ मळायला घेतलं. मला भाकरी येत नाही. त्या रात्री आम्ही ब्रेड खाल्ला.

वसंतात निर्बंध सुटायला लागले. मला सिडनीत नोकरी मिळाली होती, कॅसल हिलला एका मैत्रिणीने खोली बघून ठेवली होती. राज्याची सीमा उघडली तसं मी निघायचं ठरवलं. तो रविवार होता, आणि नेमका त्याच दिवशी सरांच्या मंडळीला शाळेचा हॉल पहिल्यांदा परत मिळाला होता. मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब. सरांचं ड्रायव्हिंग मिसेस गेल्यापासून सुटलं होतं. मी म्हटलं, जाताना सोडते. हॉल हायवेच्या वाटेवरच होता. गाडीत मागे माझं सगळं सामान, प्रेशर कुकर सरांच्या पायाशी.

ते कोट-टाय घालून आले होते, आणि या वेळी पँटही. रस्त्यात म्हणाले, "ज्योत्स्नाला फोन केला काल. ये म्हटलं."

"येणार?"

"येईल. आत येणार नाही म्हणाली." मग काचेबाहेर बघत, "त्या काळी अशा माणसांना दाराबाहेर उभं राहावं लागे. प्रार्थनेच्या वेळी. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, माझ्यासाठी विनंती करा. आत असलेले त्यांच्यासाठी मागायचे. तीस वर्षं मी हे शिकवताना कायम आतल्यांच्या बाजूने शिकवलं."

त्यांनी कुकरचं झाकण नीट बसवलं. "सिडनीत जाऊन जेवत जा. नुसते नूडल्स खाऊ नकोस." हेच आमचं निरोपाचं बोलणं.

हॉलच्या रॅम्पशी मी गाडी लावली. ज्योत्स्ना दारापासून लांब, कचऱ्याच्या डब्यांजवळ उभी होती, निळा मास्क, हात एकमेकांत घट्ट. सर उतरले. मला वाटलं, तिच्याशी बोलतील आणि आत जातील. ते तिच्याजवळ गेले, दीड मीटर अंतर सोडून तिच्या शेजारी उभे राहिले, आणि तिथेच राहिले. टोपी काढून हातात घेतली.

लोक यायला लागले. दारात सॅनिटायझर लावून आत जायचे, सरांना बघून थबकायचे. विजय उजागरे सिडनीहून आला नव्हता, पण मनीषा कदम आली, म्हणाली, "सर, आत चला ना, वेळ झाली." सर म्हणाले, "तुम्ही सुरू करा. आमच्या दोघांसाठी विनंती करा." ती गोंधळून आत गेली. मी निघायला हवं होतं, पुढे अख्ख्या दिवसाचा रस्ता होता. मी काच खाली करून बसून राहिले.

सगळ्यांत शेवटी कार्मेलीनकाकू आल्या. पुतण्याने रॅम्पपाशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. आजारपणाने त्या एवढ्याशा झाल्या होत्या, हातात काठी. ज्योत्स्नाला बघून थांबल्या. सर म्हणाले, "वहिनी, आमच्यासाठी विनंती करा."

"तुमच्यासाठी का? तुम्ही काय केलंत?"

"तो बोलावत होता. मी आलो नाही."

"ते मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "खुर्ची मीच टाकली होती. दोन दिवस तिथेच होती अंगणात." मग ज्योत्स्नाकडे वळून, "आणि तुझ्यासाठी मी नाही केली हं प्रार्थना. खोटं कशाला सांगू? बसले करायला, पण नाय जमली."

ज्योत्स्नाने मान हलवली.

काकूंनी रॅम्पकडे बघितलं. पुतण्याला अजून गाडीला जागा सापडली नव्हती. "हात दे," त्या म्हणाल्या. "माझ्याने चढवत नाही."

ज्योत्स्ना जागची हलेना. "काकू, अंतर..."

"अंतर बिंतर काय ते मला नको सांगू. दे हात."

दोघी हळूहळू रॅम्प चढल्या. दारात ज्योत्स्ना थांबली, काकूंनी तिचा हात सोडला नाही, आणि त्या आत दिसेनाशा झाल्या. सर तिथेच राहिले. त्यांना हात द्यायला कुणी आलं नाही, आणि त्यांनी तशी वाटही बघितली नसावी. ते ताठ उभे होते, टोपी दोन्ही हातांत, दाराकडे तोंड करून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

आतून गाणं झालं. मग कुणीतरी हजेरी घ्यायला लागलं. मनीषाचा आवाज, अडखळत, मध्येच कुणीतरी तिला गाव सांगत. बस्त्यावकाका. आठवणीत. ज्योत्स्ना गायकवाड, मूळ गाव राहुरी. याचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण नावं पुढे गेली, म्हणजे तिने दिलं असणार. मी किल्ली फिरवली.

सर हजेरी घेत तेव्हा त्यांचं स्वतःचं नाव कधी वाचलं जात नसे. वाचणारे तेच, ते कशाला वाचतील? त्या दिवशी ते आतून आलं. "प्रभाकर रणनवरे, मूळ गाव नगर, आता क्रेगीबर्न."

सरांचे ओठ हलले. गाडीतून मला दिसलं, पण आतल्या कुणाला ते ऐकू गेलं नसणार. कुणीही 'आठवणीत' म्हणालं नाही. थोडा वेळ गेला, आणि मनीषाने ते नाव पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने.